गावकीपुढे बिशप

महाडला जाऊन आलो असे कोणाला सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "रायगड चढलात ना?" नाही चढलो. नाते गावापर्यंत गेलो, तिथून गड डोळे भरून पाहिला, स्वतःच्या गुडघ्यांचा विचार केला आणि मुकाट्याने परत फिरलो. इतिहासाच्या शिक्षकाने ही गोष्ट छापून कबूल करायला थोडे धैर्य लागते. ते मी इथे पहिल्याच परिच्छेदात दाखवून मोकळा होतो, म्हणजे पुढे वाचकांनी गडाची वाट पाहायला नको. माझे जाणे गडासाठी नव्हतेच. ते स्कॉटलंडच्या एका बिशपासाठी होते, आणि तो बिशप मरून अडीचशे वर्षे होत आली आहेत.

झाले असे की पुण्यातल्या एका ग्रंथमंडळाकडे एक जाडजूड हस्तलिखित आले. लिहिणारे महाडचे डंकनसाहेब, स्कॉटलंडचे पाद्री, तीस वर्षांहून अधिक काळ कोकणात राहिलेले. त्यांनी आपल्या देशातल्या जुन्या धर्मकलहाचा इतिहास मराठीत लिहिला होता. राजा म्हणे बिशप मी नेमणार, पाद्री म्हणत आमची सभा काय ते ठरवील, सरदार आज इकडे तर उद्या तिकडे, आणि विद्यापीठातले पंडित दोन्ही बाजूंना युक्तिवाद पुरवायला तयार. हा तंटा शंभर-दीडशे वर्षे चालला. मंडळाने हस्तलिखित अभिप्रायासाठी माझ्याकडे दिले आणि ते वाचताना माझी झोप उडाली. मजकूर उत्तमच होता, पण भाषा कसली! "सरदाराने हेका धरला", "राजा वरमला", "बिशप म्हणजे राजाने गावावर बसवलेला खोतच". धर्माचा इतिहास असा लिहितात काय? मी लाल शाई घेतली आणि पहिले प्रकरण शुद्ध, भारदस्त मराठीत पुन्हा लिहून काढले. मंडळ खूश झाले. साहेब जानेवारीअखेर कायमचे मायदेशी निघणार होते आणि शेवटचे प्रकरण अजून यायचे होते. तेव्हा समक्ष जाऊन त्यांना भाषेचे चार शब्द समजावून सांगावे आणि ते प्रकरण घेऊन यावे, अशी कामगिरी घेऊन मी नाताळ उलटल्यावर सुट्टीत निघालो.

आंबेनळीचा घाट

महाबळेश्वराहून सर्व्हिस मोटार घाट उतरू लागली तेव्हा थंडीने माझे दात वाजत होते. पोलादपूर येईपर्यंत मी कोट, मफलर आणि कानटोपी, तिन्ही मांडीवर घेऊन बसलो होतो. एवढ्या थोड्या वाटेत माणूस दोन ऋतू ओलांडतो. दरी पाहण्यासारखी आहे असे म्हणतात. मी तिच्याकडे फारसे पाहिले नाही, कारण वळणावर मोटारीची दोन चाके कुठे असतात हा विचार डोक्यातून जात नव्हता.

एका वळणावर गाडीने असा हिसका दिला की सौभाग्यवतींनी साहेबांसाठी दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा टपावरून खाली आला आणि झाकण उघडून लाडू रस्ताभर झाले. ड्रायव्हरने गाडी थांबवली. उतारू उतरले, लाडू गोळा केले, फुंकून पाहिले आणि तिथेच कठड्यावर बसून खाल्लेसुद्धा. मला आग्रहाने एक देण्यात आला. देशावर असे झाले असते तर लोकांनी डबा भरून परत दिला असता आणि पुढे महिनाभर त्याची गोष्ट सांगितली असती. इथे कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. एका म्हातारबुवांनी तर साजूक तूप जरा कमी पडले आहे, असेही मला सांगितले. महाडला पोचलो तेव्हा डब्यात चार लाडू होते.

महाड

डंकनसाहेबांचा बंगला सावित्रीच्या काठी आहे. बंगला म्हणायचे एवढेच. कौलारू घर, पुढे लांब ओसरी आणि ओसरीवर पुस्तकांच्या चळती. साहेब उंच, खांद्यांत वाकलेले, अडुसष्ट वर्षांचे. पायात लोकरीचे मोजे आणि त्यावर कोल्हापुरी चपला. मी मनात इंग्रजी वाक्ये जुळवत होतो, तोवर त्यांनीच "या गुरुजी, घाट लागला नाय ना?" असे विचारून माझे काम सोपे केले. त्यांचे मराठी पुस्तकी नाही. ते या मुलखात, या माणसांत शिकले आहेत, आणि 'नाही'चे 'नाय' कधी होते हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला ओटची पेज आली. साहेबांनी तीत मीठ घातले, मी गूळ मागितला. त्यांच्या देशात पेजेत गूळ घालणाऱ्याला कच्चा समजतात म्हणे. मी तो कमीपणा आनंदाने पत्करला आणि दोनदा वाढून घेतली.

त्याआधी, पहिल्या रात्री पाने वाढण्यापूर्वीच, मी लाल शाईचे प्रकरण बाहेर काढले होते. साहेबांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत लक्ष देऊन वाचले आणि म्हणाले, "फार सुंदर आहे. उद्या वर वाचून पाहू." वर म्हणजे कुठे, ते मला कळेना. तेव्हा त्यांनी आपली रीत सांगितली. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. वीस वर्षांपूर्वी हिवतापाच्या साथीत ते क्विनाइन घेऊन तिथे गेले आणि तेव्हापासून जात राहिले. त्यांच्या धर्मात त्या वाडीतले एकही माणूस आले नाही, पण गोष्ट ऐकायला सगळी वाडी येते. पुस्तकाचे प्रत्येक प्रकरण ते संध्याकाळी वाडीत वाचतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी ते त्यांना परत सांगते. जे परत येत नाही ते साहेब खोडून टाकतात. जे बदलून येते, त्याचा विचार करतात. खोताची उपमा तिथूनच आली होती.

मग जेवताना शेवटच्या प्रकरणाची गोष्ट निघाली. ते लिहून झाले होते, खरे तर दोनदा. त्या प्रकरणातल्या काळात राजाने पुन्हा बिशप आणले आणि शेकडो पाद्री ते न मानता घरदार सोडून डोंगरात गेले. राजाचे शिपाई त्यांच्या मागे लागले. अशा वेळी एका थोर पंडिताने, मऊ स्वभावाच्या आणि पुस्तकांत बुडालेल्या माणसाने, राजाकडून बिशपपद घेतले. दोन्ही बाजूंचा समेट करीन अशी त्याची आशा होती. साहेबांनी एका मसुद्यात त्याला फितूर केले होते, दुसऱ्यात साधू. दोन्ही खोटे वाटत होते, आणि जायला महिना उरला होता.

मी सहज विचारले, इतक्या जुन्या माणसाचे एवढे मनाला का लावून घेता? साहेबांनी हातातला पेला खाली ठेवला. त्यांच्या देशात तीन वर्षांमागे दोन मोठी चर्चे एक झाली. मिशनातल्या इतरांप्रमाणे साहेबांनीही त्या जोडणीला होकार दिला. त्यांचे थोरले भाऊही पाद्री, एका खेड्यात राहतात, वय चौऱ्याहत्तर. त्यांनी वाडवडिलांचा शब्द विकणार नाही असे सांगून बाहेर राहायचे ठरवले, आणि त्या दिवसापासून धाकट्या भावाला पत्र लिहिलेले नाही. साहेबांनी सात पत्रे पाठवली. आता परत गेल्यावर ते भावाच्या गावी जाणार नव्हते. शहरात एका बाईंकडे खोली ठरवली होती. हे सगळे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितले आणि मला आणखी बिरडे हवे का म्हणून विचारले. मला फार वाईट वाटले. मी लाडवांचा डबा पुढे केला.

पोलादपूर

पोलादपुरात आम्ही मोटारीतून उतरलो आणि चहा घेतला. इथला चहा गुळाचा, त्यात आले भरपूर, आणि तो पिताना घाटाकडे पाहत बसायची सोय आहे. साहेबांना सगळे ओळखतात. दुकानदाराने त्यांच्याजवळ वरच्या वाडीसाठी मिठाचे पुडके दिले, एकाने सुईदोरा, एकाने मुंबईहून आलेली मनिऑर्डरची पावती. साहेब खांद्यावर पिशवी टाकून सगळे घेत होते, जणू त्यांना नेमणूकच मिळाली होती.

चढण दोन तासांची. साहेब पुढे, मी मागे, आणि दर वळणावर साहेब थांबून मला एखादे झाड दाखवत. पहिल्या चार झाडांपर्यंत मला त्यांचा वनस्पतींचा व्यासंग मोठा वाटला. पाचव्याला लक्षात आले की ते मला दम खायला थांबतात.

वरची वाडी

वीस-बावीस घरे, उतारावर नाचणीची रिकामी शेते, गोठे घरांपेक्षा मोठे. जवान माणसे बहुतेक मुंबईला गिरणीत. वाडीत बायका, म्हातारे आणि म्हशी. मधोमध देऊळ आणि देवळापुढे सहाण, म्हणजे शिमग्यात पालखी टेकवायचा दगडी ओटा. गावकी तिथेच बसते. गावकर, म्हणजे गावकीचे प्रमुख, धोंडू नावाचे एक सुकलेले, शांत म्हातारे आहेत. पण साहेबांच्या पुस्तकाची खरी जाणकार पारूबाई. ती पन्नाशीची विधवा, चार म्हशींची धनीण आणि बोलायला खमकी. स्कॉटलंडच्या एका चर्चात राजाची नवी पोथी वाचायला उठलेल्या पाद्र्याच्या अंगावर एका बाईने बसायचे स्टूल फेकले, ही दंतकथा तिची सगळ्यात आवडती. तसे घडले की नाही याची पंडितांना शंका आहे, असे साहेबांनी तिला कैक वेळा सांगितले आहे. स्टूल फेकले यात पारूबाईला तिळमात्र शंका नाही.

दुपार कलल्यावर साहेबांनी मला सहाणेवर बसवले आणि माझे शुद्ध प्रकरण वाचायला सांगितले. मी आवाज लावून वाचले. चार ओळी झाल्या आणि एका म्हाताऱ्याने डोईचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले. मग हळूहळू सगळ्यांनी हात जोडले. मला वाटले, भाषेचा प्रभाव! वाचून संपले तरी हात जोडलेलेच होते. शेवटी त्या म्हाताऱ्याने अदबीने विचारले की ही पोथी कोणत्या देवाची, आणि प्रसाद आत्ता मिळायचा की आरतीनंतर. साहेबांनी आपल्या टोपीत तोंड लपवले. मी प्रकरण घडी करून पिशवीच्या तळाशी घातले आणि पुण्याला येईपर्यंत ते वर काढले नाही. घरी बायकोला हे सांगितले तेव्हा ती एवढी हसली की तिला पाणी द्यावे लागले.

मग साहेबांनी दोन्ही मसुदे बाजूला ठेवून त्या बिशपाची हकीगत आपल्या भाषेत वाडीला सांगितली. अंगणात मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लागली होती, तिचा वास सुटला होता. मडके उपडे केल्यावर शेंगा पानांतून वाफाळत बाहेर आल्या. इतक्या गोड शेंगा मी जन्मात खाल्ल्या नव्हत्या. पुण्यात आम्ही वालाची उसळ करतो आणि वाल खाल्ले असे समजतो.

सकाळी परत सांगायची वेळ आली. पारूबाईने सुरुवात केली. राजा, सरदार, डोंगरात पळालेले पाद्री, सगळे तिने ठाकठीक सांगितले. "मंग त्या राजानं येका पंडिताला खोत केलान," असे म्हणून ती त्या बिशपावर ताशेरे झाडायला लागली, तोच धोंडू गावकरांनी हात वर केला.

"पारू, थांब गो. ह्यो मानूस हितं हाय का?"

साहेब म्हणाले की तो फार वर्षांपूर्वी वारला.

"वारला तरी गैरहजरच. त्याच्या माघारी त्याचा निवाडा गावकी करनार नाय."

साहेबांनी मला वाडीची ही रीत समजावून सांगितली. समोर नसलेल्या माणसाला बरे किंवा वाईट ठरवायचे असेल, तर कोणीतरी एकाने सहाणेखालच्या सपाट दगडावर बसायचे आणि त्याच्या जागी होऊन बोलायचे. गावकी त्याला विचारील, त्याने उत्तर द्यायचे. दगडावरच्या माणसाला सगळे 'अरे-तुरे' करतात, मग बसणारा कितीही मोठा असो. साहेबांच्या देशातही चर्चात पश्चात्तापाचे एक स्टूल असे आणि चुकलेल्याला, वेळ पडली तर सरदारालाही, सगळ्यांदेखत त्यावर बसावे लागे. पण दुसऱ्याच्या वतीने त्यावर जाऊन बसावे हे तिथे कोणाला सुचले नव्हते, असे साहेब म्हणाले.

आता दगडावर कोणी बसायचे? वाडीतले कोणी नको, सगळी साहेबांची माणसे. बिशप शिकलेला होता, तेव्हा शिकलेला आणि परका माणूस बरा. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. चौथीच्या वर्गात परीक्षेला उभे राहिल्यावर व्हायची तशी माझी अवस्था झाली. दगडही थंड होता.

"सदर गृहस्थाने," मी सुरुवात केली.

"'मी' म्हन," गावकर म्हणाले.

वीस वर्षे मी मुलांना इतिहास शिकवतो आहे. कोणा राजाच्या, पंडिताच्या, फितुराच्या जागी होऊन मी कधी 'मी' म्हटले नव्हते. शेवटी म्हणालो, "मी पंडित होतो. मला भांडण आवडत नव्हतं."

पारूबाई पुढे सरकून बसली. "तुज्या बरोबरचे पाद्री घरदार सोडून डोंगरात गेले. तू राजाकडनं पद घेतलास. का रं?"

साहेबांच्या मसुद्यांतले जेवढे आठवत होते तेवढे मी सांगितले. खुर्ची रिकामी राहिली तर तीवर कोणीतरी क्रूर माणूस बसेल, मी बसलो तर पाठलाग थांबवता येईल, असे मला वाटले होते. तिने विचारले, थांबला काय? मी म्हणालो, नाही. पद ठेवलेस काय? काही वर्षे ठेवले, मग सोडले. बोलता बोलता मला त्या माणसाचा कळवळा येऊ लागला. मी त्याची वकिली करतो आहे हे विसरलो आणि खरेच माझेच काही चुकले असावे तसा हात चोळत बसलो.

"मंग पद सोडल्याव तुजी मानसं आली काय तुज्याकडं?"

हे मला माहीत नव्हते. दोन्ही मसुद्यांत यावर एक ओळ नव्हती. मी साहेबांकडे पाहिले. ते सहाणेच्या कडेला बसले होते, टोपी गुडघ्यावर.

"नाय आली," साहेब म्हणाले. "भाऊ आला नाय. तीन वर्षं झाली, पत्रसुद्धा नाय."

गावकर बोटे मोजायला लागले. बिशप मरून अडीचशे वर्षे, आणि ही तीन कुठली? पारूबाईला मात्र लगेच उमगले. ती उठली, माझ्याजवळ आली आणि मला दगडावरून उठायची खूण केली. मग साहेबांकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुमी हितं बसा."

साहेब येऊन बसले. त्यांचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले. परवा महाडला त्यांनी मला सांगितले होते तेच त्यांनी वाडीला सांगितले, त्याहूनही थोडक्यात. चर्चांच्या जोडणीचा मुद्दा त्यांनी दोनदा समजावून पाहिला आणि सोडून दिला. गावकरांनी विचारले, तुम्हा दोघांत वाळीत कोण? साहेब म्हणाले, मला वाटतं मी, आणि त्याला वाटत असेल तो.

वाडी बराच वेळ कुजबुजत होती. इथे हात वर करून मोजायची पद्धत नाही. सगळ्यांचे एक झाले की गावकर बोलतात, तोवर बसून राहायचे. एका म्हाताऱ्याची काही शंका होती, तिच्यासाठी सगळी वाडी थांबली आणि त्याची समजूत पटल्यावरच पुढे गेली. मला वाटले, स्कॉटलंडच्या राजाने आणि पाद्र्यांनी एवढा धीर धरला असता तर साहेबांचे पुस्तक निम्मे झाले असते.

मग गावकर बोलले. "बाबा, भांडान कशाचं ते आमाला समाजलं नाय, आनि समजाया नको. आमच्यात वाळीत पडल्याली घरं अशीच येक व्हतात. धाकल्यानं जायाचं. दारात उभं ऱ्हायाचं. पानी मागायचं. पानी पोटात जाईस्तवर भांडनाचा शबूद काढायचा नाय."

"आणि त्याने दिलेच नाही तर?" मी मध्येच विचारले. मला राहवले नाही.

"दारात आलेल्या भावाला पानी कोन नाय देत, मास्तर?" पारूबाई म्हणाली. बिशपाचे काय, हे तिने जाता जाता सांगून टाकले. तो बरा माणूस, पण त्याने राजाच्या दारात न जाता डोंगरातल्या पाद्र्यांच्या दारात जायला हवे होते. यावर सगळ्यांच्या माना हलल्या आणि अडीचशे वर्षांचा दावा निकाली निघाला. साहेबांनी ते वाक्य तिथेच, गुडघ्यावर वही ठेवून, तिच्या शब्दांत लिहून घेतले.

उतरताना मीच म्हणालो की पारूबाईचे बोलणे ऐकून मला महाडचे तळे आठवले. काही वर्षांमागे त्याच तळ्यावर माणसे ओंजळभर पाणी प्यायला आली तर त्यांची डोकी फोडली, आणि तळ्याचा दावा अजून कोर्टात चालू आहे. दारात आलेल्याला पाणी नाकारणारे लोक असतात आणि ते आपलेच असतात. साहेब म्हणाले, "पारूबाईला ठाऊक आहे, गुरुजी. या वाडीखालच्या वस्तीतली माणसं सहाणेवर कधी आली नाहीत. ती भावापुरतं बोलली." मला पाणी नाकारणाऱ्यांची लाज वाटली आणि स्वतःचीही, कारण आमच्या घरचा आडही सगळ्यांना मोकळा नाही. हे मी इथे लिहितो आहे ते उगाच मोठेपणा मिरवायला नव्हे. त्या उतारावर ते मनात आले आणि अजून गेलेले नाही.

पुन्हा महाड

माझ्या निघण्याच्या दिवशी सकाळी मी ओसरीवर आलो तर साहेब गुडघे टेकून एका पत्र्याच्या ट्रंकेपाशी बसले होते. शेजारी आणखी दोन ट्रंका होत्या. आठवडाभरात हे सामान दासगावाहून शिडाच्या पडावाने बाणकोटला आणि तिथून आगबोटीने मुंबईला जायचे होते. हातात रॉकेलचा बोळा घेऊन ते झाकणावरचा पांढऱ्या रंगातला पत्ता पुसत होते. शहराचे नाव निम्मे गेले होते. बाईंचे नाव अजून वाचता येत होते. मी काही न विचारता दुसऱ्या ट्रंकेला लागलो. शाळेत फळा पुसायची सवय असल्यामुळे माझी ट्रंक त्यांच्या आधी स्वच्छ झाली, आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले.

शेवटचे प्रकरण माझ्या स्वाधीन झाले होते. दोन्ही मसुद्यांऐवजी त्यात दगडावरची सगळी विचारपूस जशीच्या तशी होती, फक्त साहेब स्वतः बसले तो भाग सोडून. मंडळाला काय लिहायचे ते मी ठरवले होते: भाषेतला एकही शब्द बदलू नये. मंडळ नाराज होईल, कदाचित मला पुन्हा पुस्तके देणार नाही. न देईना. तसे मी साहेबांना सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवली, पण त्यांचे लक्ष ट्रंकेवर होते. रंगाचा डबा उघडून त्यांनी ब्रश बुडवला. मग "अक्षर तुमचंच बरं" असे म्हणून त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि एकेक अक्षर सांगू लागले. पहिले भावाचे नाव, जे मी तोवर ऐकले नव्हते, मग खेड्याचे. मी तिन्ही ट्रंकांवर ठळक अक्षरांत ते लिहिले.

मी विचारले, निघण्याआधी भावाला पत्र टाकणार ना? एवढे सामान दारात येऊन पडणार, म्हाताऱ्या माणसाला कळवायला नको का?

साहेबांनी ओल्या रंगावर हळू फुंकर घातली. "नाय, गुरुजी. पत्राला उत्तर न देणं त्याला तीन वर्षं जमलं. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ते जमतं का, ते जाऊनच बघतो."